येसूचा खडक

त्या काळ्या खडकाला चिकटलेली बोटाएवढी मासोळी दिसते का? लाट अंगावरून जाते, तरी ती जागची हलत नाही. आम्ही तिला येसू म्हणतो. कालवं काढायला आलेल्या बायकाही तिला हात लावत नाहीत.

फार पूर्वी आमच्या वाडीत हिराजी नावाचा एक मच्छीमार होता. माणूस कष्टाळू, पण मेला संशयी! येसू त्याची बायको. वाऱ्याने तिचा पदर उडाला तरी याच्या कपाळाला आठी पडायची, असं सांगतात. एकदा वाडीत कासार आला. बांगड्या भरताना त्याने येसूचा हात धरला, कसल्याशा बोलण्यावर ती हसली आणि हिराजीच्या अंगाचा तिळपापड झाला. आता बांगड्या भरायच्या तर हात नाही धरणार, मग काय पाय धरणार?

दुसऱ्या दिवशी होडी लोटण्याआधी, ओहोटीला, त्याने तिला या खडकावर आणून उभं केलं. म्हणाला, "माझ्या गळ्याची शपथ घे. मी येयसर हयसून हलूचा नाय. हललंस, तर दर्यात माझा बरावायट होतला."

तो परत येईपर्यंत इथून हलणार नाही, अशी शपथ येसूने घेतली.

दुपारपर्यंत भरती चढत आली. त्यातून अमावास्येचं उधाण. काठावरून बायका ओरडत होत्या, "येसू, ये गो! पाणी चढता!"

ती म्हणाली, "मी हललंय तर तेंचा काय होतला?"

आणि हिराजी कुठे होता? समोरच्या डोंगराच्या टोकाआड होडी लपवून बसला होता म्हणे, ही कासाराकडे जाते का ते बघत. कासार तर पहाटेच गाव सोडून गेला होता. पाणी येसूच्या कमरेला लागलं, तरी ती हलली नाही, हे हिराजीला दिसत होतं. पण मेल्याचं मन भरेना. थांबू, आणखी थोडं बघू, असं करत राहिला. शेवटी वल्ही मारत निघाला तेव्हा ती दोन्ही हातांनी खडकाला धरून होती. एक मोठी लाट आली आणि ओसरली. खडकावर येसू नव्हती. तिच्या जागी ही मासोळी चिकटलेली होती. "शपथेतून सुटलंस गो, मी इलंय!" म्हणत हिराजी ऊर फुटेस्तोवर रडला. तिने खडक सोडला नाही.

आजही आमच्याकडे लग्न झालं की नवऱ्यामुलाला चढत्या भरतीत या खडकावर उभं करतात. नवरीने काठावरून हाक मारेपर्यंत त्याने हलायचं नाही. बहुतेक पोरी लगेच हाक मारतात. आमचे हे जरा संशयी होते. पाणी त्यांच्या छातीला लागेपर्यंत मी गप्प बसले.