वेदीवरची वेल

ही गोष्ट फार जुनी म्हणता येणार नाही, कारण तेव्हा प्लास्टिकची पानं बाजारात आली होती. नाशिककडच्या एका चर्चच्या खिडकीबाहेर द्राक्षवेल होती आणि आत वेदीवर प्लास्टिकची वेल.

एप्रिलमध्ये चर्चची बाग बघणाऱ्या शांतवनकाकांनी बाहेरच्या वेलीची खरड छाटणी केली. नुसते खुंट उरले. आतली वेल म्हणाली, "अगं, काय ही दशा! तुझी प्रार्थनाच कमी पडते. मला बघ, बारा महिने हिरवीगार!"

पावसाळाभर वेलीवर पानं होती, पण घड एकही नव्हता. "नुसता पाला! पश्चात्ताप कर," आतली म्हणाली. ऑक्टोबरात काका पुन्हा कात्री घेऊन आले, तेव्हा तर ती हसलीच. "देवानं टाकलं बाई तुला!"

आता मात्र वेल भडकली. "तोंड सांभाळ! पहिल्या छाटणीनं माझी काडी तयार झाली, या छाटणीनं तिला घड लागतील. ज्यानं मला टाकलं, तो कात्री घेऊन माझ्यापाशी उभा राहील का? तुला कधी कोणी छाटलं?"

"कधीच नाही!" आतली ऐटीत म्हणाली.

"कशाला छाटतील? तुझ्यावरची धूळ पुसली की झालं. तुझ्याकडून द्राक्षं कोणालाच नको आहेत."