टँगो-जॅझचा सांधा

पणजीच्या सभागृहात सेलेस्त कुलासोचं ॲकॉर्डियन थांबलं, तसे समीक्षक घाणेकर उठून उभे राहिले. त्यांच्या लेखांनी भल्याभल्यांच्या मैफली बंद पाडल्या होत्या.

"बाई, टँगोला तुम्ही जॅझचं ठिगळ लावलंय," घाणेकर म्हणाले. "टँगो कुठे संपतो आणि जॅझ कुठे सुरू होतो, ते सांगा."

सांगितलं तर ठिगळ सिद्ध होणार, नाही सांगितलं तर अज्ञान.

सेलेस्त कशीबशी म्हणाली, "सर, तुमच्याइतका तयार कान माझा नाही. मी पुन्हा वाजवते. सांधा आला की हात वर करा. मी तिथेच थांबेन, आणि पुन्हा कधी हे वाजवणार नाही."

घाणेकर हसून खाली बसले.

ती वाजवू लागली. मधली एक जागा कच्ची आहे, हे तिला ठाऊक होतं. ती जागा जवळ आली. घाणेकरांचा हात उचलला गेला, हवेत थबकला, आणि मांडीवर उतरून ठेका धरू लागला.

शेवटचा सूर विरला. सगळे घाणेकरांकडे पाहू लागले.

"सर, हात?" तिने हळूच विचारलं.

घाणेकर खाकरले. "ऐकता ऐकता राहून गेलं."

"मग लेखात तेवढंच लिहा, सर."