नावाची जागा

एकदा एक शिष्य आपलेच पद ऐकून भर बाजारात ओशाळून उभा राहिला. पेठेत तेलाच्या दुकानापुढे गर्दी जमली होती. ओट्यावर एक पेटीवाला बसला होता आणि त्याच्या शेजारी रंगीत फेटा बांधलेला गडी हातातली बाटली नाचवत गात होता, "सांज आली अंगणी, आता तेल कोणते लावू." लोक हसत होते, ठेका धरत होते. चाल शिष्याची होती, ओळीचा पहिला अर्धा भागही त्याचाच होता. उरलेला अर्धा त्याने लिहिला होता तो असा: "आता हाक कोणा मारू."

हे पद त्याने पत्नी गेली त्या वर्षी रचले होते. मूलबाळ नव्हते. संध्याकाळी घरात पाऊल टाकताच सवयीने तोंडातून तिचे नाव निघे आणि उत्तर येत नसे. त्या न आलेल्या उत्तरातून ते पद जन्मले होते. आता त्याच्यावर केसांचे तेल विकले जात होते, आणि खपही बरा दिसत होता. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ मान डोलवत म्हणाले, की शब्द काहीही असोत, चाल मात्र बुवांची आहे, त्यांची सर कुणाला यायची नाही. शिष्याने हो हो केले आणि तिथून काढता पाय घेतला.

त्या गृहस्थांची यात काही चूक नव्हती. पदाच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याने आपले नाव गुंफायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. शिष्याचे गुरू म्हणजे गावातले वृद्ध पदकर्ते. सगळे त्यांना बुवा म्हणत, आणि आपल्या पदांत ते स्वतःला 'रजकण' म्हणवीत. शिष्यानेही आपल्या प्रत्येक पदात 'रजकण'च घातले. गुरूंच्या छायेत वाढणाऱ्याने स्वतःचे नाव कशाला पुढे करावे, अशी त्याची समजूत. लोक हिला नम्रता म्हणतात. तिच्यात थोडी भीतीही मिसळलेली असते, की पद फसले तर निदान नाव आपले नको. पण ते कुणी बोलून दाखवत नाही. बुवांनी एकदा त्याला विचारलेही होते, हे पद कोणाचे म्हणून. त्याने पायांकडे बघत 'आपल्याच कृपेचे' असे सांगितले होते.

बाजारातून तो तडक बुवांकडे गेला. घडले ते सांगितले आणि हात जोडून विनवले, की पदात नाव आपले आहे, तेलाच्या दुकानाचे शेटजी आपला शब्द मोडणार नाहीत, तेवढी एक समज त्यांना द्या. बुवांनी सारे ऐकून घेतले. उद्या देवळात उत्सवाचे गाणे आहे, शेटजी येतीलच, तिथेच काय ते होऊ दे, असे ते म्हणाले. शिष्याला हायसे वाटले. त्या रात्री तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुवांनी नेमके तेच पद गायला घेतले. शेटजी पुढच्या रांगेत लोडाला टेकून बसले होते. बुवा इतके संथ गात होते, की मागे टाळ धरून बसलेल्या शिष्याला आपले दुःख नव्याने ऐकू आले आणि त्याचे डोळे भरून आले. गात गात बुवा शेवटच्या ओळीपाशी पोहोचले. "रजकण म्हणे, रित्या घरी दिवा कोणासाठी लावू," अशी ती ओळ. पण नावाची जागा आली आणि बुवा थांबले. ओठ मिटलेले, हात मांडीवर. पखवाजवाला गोंधळला, त्याने एक आवर्तन नुसतेच वाजवून काढले. मग बुवांनी नाव सोडून उरलेली ओळ म्हटली आणि पद संपवले. वय झाले, विसरतात हल्ली, अशी कुजबुज बायकांच्या बाजूला झाली.

शेटजी मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. आरती झाल्यावर त्यांनी चारचौघांत विचारले, "बुवा, नाव विसरलात की गाळलंत?"

"गाळलं," बुवा म्हणाले. "पद माझं नाही."

मग कोणाचे, असे शेटजींनी विचारले. बुवांनी टाळकऱ्यांकडे पाहिले आणि ते बराच वेळ तसेच बघत राहिले. शिष्याने मान खाली घातली. कुणीच काही बोलेना, तेव्हा शेटजी मोकळेपणाने हसले. ज्याला धनी नाही त्याची परवानगी कोणाकडे मागायची, म्हणाले. आता हे गाणे बाटलीच्या कागदावरच छापतो आणि जिल्ह्यातल्या साऱ्या बाजारांत पाठवतो.

त्या संध्याकाळी घराकडे चालताना शिष्याला फार एकटे वाटले. बायको गेली होती. तिच्या आठवणीचे पद तेलात गेले होते. उरले होते ते गुरू, आणि त्यांनीही सगळ्यांदेखत ते पद झटकून टाकले होते. हे गाव आता आपले नाही, असे त्याने मनाशी ठरवले. सकाळी कपड्यांचे गाठोडे बांधून तो निरोप घ्यायला गेला.

"एक शब्द बोलला असतात तर पद वाचलं असतं, बुवा," तो म्हणाला.

"वाचलं असतं. पण माझं म्हणून. तुझं म्हणून नाही."

बुवांनी त्याला समोर बसवले. "तू ते रचलंस त्याच घडीला ते तुझं झालं. ते तुझं करून द्यायला मी लागत नाही, की कुठली कचेरी लागत नाही. पण ते तुझं आहे हे दुसऱ्याला कळायची काही सोय ठेवलीस का? हा शेट आधी माझ्याकडेच आला होता. विचारायला आला होता, बरं का. मी म्हटलं, माझं नाही, ज्याचं असेल त्याला विचारा. तो गावभर हिंडला. कुणाला काही सांगता येईना. त्याच्या बाटलीवर मोर आहे ना, तो उद्या दुसऱ्या तेलवाल्यानं छापला तर हा कोर्टात उभा राहील. आणि त्यात गैर काही नाही, मोर कोणाचा ते त्यानं आधीच नोंदवून ठेवलंय. तुझ्या पदावर खूण माझी, आणि मी म्हणतो पद माझं नाही. त्यानं समजायचं काय?"

स्वतःचे नाव घालणे म्हणजे मिरवल्यासारखे वाटते, असे शिष्य पुटपुटला.

"अरे, मी स्वतःला धुळीचा कण म्हणवतो. पण म्हणवतो की नाही? ओळीतलं नाव म्हणजे पत्ता असतो रे. चुकलं तर जाब विचारायला, आवडलं तर मागायला लोकांनी यायचं कुठे? काल तुझी जागा मी तुला मोकळी करून दिली. एक अख्खं आवर्तन थांबलो होतो मी. वाटलं, तू मागून म्हणशील."

 शिष्याने गाठोडे उचलले आणि घरी परत नेले.

उत्सवाच्या शेवटच्या दिवशी तेच पद तो स्वतः गायला. बुवा जाणत्या मंडळींना घेऊन समोर बसले होते. नावाच्या जागी आल्यावर त्याचा आवाज चिरकला, पण थांबला नाही: "त्रिंबक म्हणे, रित्या घरी दिवा कोणासाठी लावू." त्याचे नाव त्रिंबक होते. आतापर्यंत या गोष्टीतसुद्धा ते आले नव्हते, आणि त्याचा दोष सांगणाऱ्याकडे नाही. पुढे बुवांच्या सांगण्यावरून त्याने आपली सारी पदे नावानिशी लिहून काढली, खाली तारखा घातल्या आणि रीतसर नोंदवून टाकली.

बाटल्यांचे कागद अजून छापायचे होते. एके दिवशी उन्हे उतरताना शेटजी गावाच्या टोकाला आले आणि त्रिंबकरावांचे घर कोणते, असे विचारत विचारत दाराशी पोहोचले. ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी विचारले, हे पद तेलासाठी द्याल का?

त्रिंबकला आजवर हो म्हणायचीच सवय. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

"हे नाही देत, शेटजी. हे तिचं आहे. तेलासाठी दुसरं करून देतो. पण त्यात माझं नाव राहील."

शेटजींनी क्षणभर विचार केला. ठीक आहे, म्हणाले, नाव राहू द्या, पण गाण्यात मोरही आला पाहिजे. व्यापारी माणूस, मोकळ्या हाताने कसा जाईल! आणि ते चालू लागले.

घर होते तसेच रिकामे होते. एकटेपण काही कमी झाले नाही. असल्या उपायांनी ते कमी होत नसते. पण ती गेल्यापासून प्रथमच कुणीतरी त्याचे नाव विचारत त्याच्या दारी आले होते आणि त्याचा नकार ऐकून घेऊन गेले होते. नाही म्हणायला आधी आपण कुणीतरी असावे लागते, हे त्रिंबकला उंबऱ्यावर उभ्या उभ्या कळले.