पिंपावर बसलेली मावशी

“मावशी, पिंपावरून उठताय की नाही?”

“नाही.”

“अहो, गिऱ्हाईक ताटकळलंय.”

“त्याला देवानं पाय दिलेत. मला पिंप दिलंय.”

खाडीकाठच्या त्या बोटयार्डात हा तमाशा सकाळपासून रंगला होता. पिंपात कंपनीच्या नव्या विक्रेत्यानं, निनाद खेतलेनं विकलेलं नवं दोरतेल आणि पिंपावर ठाण मांडून भागीरथी तोडणकर. लोखंडावरचे गंजरोधक लेप आणि तारदोराची तेलं विकण्यात तिचा जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं डब्यांवरची चिठ्ठी वाचून आणि हात काळे करून. आता गुडघे बोलायला लागले, म्हणून विक्रीसाठी हा किनारा निनादच्या हाती द्यायचा होता. द्यावा की नाही, ते कंपनीला तिनं आजच कळवायचं होतं. निनादला ते ठाऊक होतं, म्हणून तर तो जास्त तडतडत होता.

पोरगा हुशार. पण सगळी हुशारी जिभेवर. कानापर्यंत ती पोचलेलीच नव्हती.

समोरच्या उतारावर एक ट्रॉलर पोलादी दोरानं तोलून धरला होता. त्याच्या पोटाखाली माणसं चिकटलेली कालवं खरवडत होती. नारळी पौर्णिमेला बोटी पाण्यात जायच्या, आणि त्याआधी दोराला तेलानं न्हाऊ घालायचं, ही यार्डाची रीत. आज या बोटीचा भार दोरावरून उतरला की लगेच पिंप फुटायचं होतं.

“माझं तेल वाईट आहे का?” निनादचा आवाज चढला.

“छे. उत्तम आहे. तारांच्या गाभ्यापर्यंत झिरपतं.”

“मग दोर वाईट?”

“दोर सोन्यासारखा.”

“मग अडलंय कुठं?”

“नवरा बघितलास, नवरी बघितलीस. एकमेकांशी पटतं का... ते विचारलंस कुणाला?”

यार्डातली माणसं हसली. निनादचे कान तापले.

“मी दोराची जाडी विचारली, ओढायचं वजन विचारलं...”

“दोराचं टोक कशात अडकवलंय?”

“क्लिपांत.”

“क्लिपांवर काय आहे?”

“रंग असेल काहीतरी.”

“जस्ताचा लेप आहे तो. आपल्याच कंपनीचा. गेल्या साली मीच दिलाय.”

निनादचा चेहरा खुलला. “मग झालंच की, मावशी. लेपही आपला, तेलही आपलं. घरातल्या घरात.”

“सख्ख्या जावाही घरातल्या घरातच भांडतात, बाबा.”

तिनं पिशवीतून एक फडकं काढलं. त्यात तसाच लेप दिलेली एक जुनी क्लिप होती. निनादनं परवा कौतुकानं दिलेल्या बाटलीतलं तेल त्या फडक्यावर ओतून तिनं क्लिप त्यात गुंडाळून ठेवली होती.

“अंगठ्यानं घास.”

निनादनं घासलं. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा लेप सुटून अंगठ्याला चिकटला. खाली उघडं लोखंड.

...

बोटीच्या पोटाखाली एकजण उताणा पडून खरवडत होता. मधेच तो काहीतरी गुणगुणला. निनाद त्याच्याकडे बघत राहिला.

“गंज चढला असता तर... दिसलाच असता ना, मावशी?”

“वरून तेलाचा थर. दोर लखलखतोय म्हणून सगळ्यांनी तुझी पाठ थोपटली असती. क्लिप सुटून बोट खाली येईपर्यंत.”

निनादनं अंगठा पुसला नाही. तसाच तो यार्डाचे मालक अन्वर मुकादम यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“अन्वरभाई, हे तेल तुमच्या दोराला लावू नका. क्लिपांवरचा लेप सोडवतं. मी आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.”

अन्वरभाईंनी त्याचा अंगठा पाहिला. मग बोटीकडे पाहिलं.

“माल परत नेणार?”

“नेणार.”

 अन्वरभाईंनी बोटीखालच्या माणसाला हाक मारली, काय टळलं ते दोन वाक्यांत सांगितलं. तो गडी बाहेर आला, लुंगीला हात पुसले आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकरी, वर सुक्या जवळ्याची चटणी, निनादच्या हातावर ठेवली.

“खा,” एवढंच म्हणाला, आणि पुन्हा बोटीखाली गेला.

“आता ह्या दोराला काय लावायचं, ते तूच सांग,” अन्वरभाई म्हणाले. “सावकाश बघून सांग. तुझ्यावर भरवसा ठेवायला मला आता कारण मिळालंय.”

निनादनं भाकरीचा घास घेतला. तो मावशीकडे परतला आणि वाकला.

तिनं पाय मागं घेतले. “त्या क्लिपेच्या पाया पड. ती सोलली गेली म्हणून तू वाचलास.”

“तिच्याही पडेन. पण तुम्ही बसला नसतात तर...”

“बसले होते. पुढं?”

“पुढं काय... आता हे उपकार कसे फेडू?”

“परत उपकार. सकाळी ऊठ म्हणून भांडत होतास, आता पाया पडू द्या म्हणून भांडतोस.”

“मग काय करू, ते तरी सांगा.”

भागीरथीनं एका हातानं गुडघा धरला, दुसऱ्यानं त्याचा खांदा. हळूहळू पिंपावरून खाली उतरली. लुगडं झटकलं.

“मी उठले, कंपनीला तसं कळवते. आता तू बस.”