मामांच्या करंगळीचं माप

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव त्याचं बाळकू. भोळा तरी किती? ‘जरा थांब’ म्हणून कुणी विसरून गेलं, तर हा संध्याकाळपर्यंत तिथेच उभा!

त्याचे राघूमामा झुपकेदार मिशांचे. ठासणीची बंदूक घेऊन शेतातली रानडुकरं पळवायचे. मामांची लेक शेवंती बाळकूला द्यायची असं ठरलं होतं, आणि बाळकूचा तिच्यावर भारी जीव. म्हणून मामा होणाऱ्या जावयाला बंदूक शिकवायला बसले.

“हे बघ बाळक्या, नळी लांब असली की दारूला जळायला वाव मिळतो. गोळी जोरात सुटते.”

“समजलं मामा!”

घरी चूल विझत आली होती. आई म्हणाली, “बाळकू, फुंकणीने जरा फुंक घाल.” बाळकूने फुंकणी फेकली आणि मळ्यातला पाण्याचा पाइप ओढून आणला. एक टोक चुलीत, दुसरं गोठ्यात. गोठ्यातून फुंकतोय, फुंकतोय! डोळे बाहेर आले, पण चूल गार ती गारच. पाइपाचं टोक तेवढं वितळलं.

मामांनी कपाळावर हात मारला. “अरे शहाण्या, लांबीलाही हिशेब असतो! नळी लांब, तर दारूही त्या मानाने जास्त लागते. नाहीतर गोळी आतच घासून दमते.”

“असं होय! समजलं मामा!”

दुसऱ्या दिवशी देवळात जेवणावळ. खीर वाढायला बाळकू. वाढण्याआधी हा प्रत्येकाचा गळा न्याहाळायचा. दामू सुताराची मान लांब, त्याला खीर पत्रावळीबाहेर वाहीपर्यंत वाढली. सरपंचांना मान जवळजवळ नव्हतीच. त्यांना चमचाभर.

“बाळक्या, मला एवढीशीच?”

“तुमची नळी आखूड ना, सरपंच!”

सरपंच पानावरून उठले. मामा लालेलाल झाले. “आता आणखी एक घोळ घातलास, तर शेवंती विसर!”

बाळकूला रडूच फुटलं. “पण मामा, माझं चुकतंय कुठं?”

मामांना दया आली. “अरे वेड्या, सगळी गंमत मापात आहे. गोळी नळीच्या भोकात नेमकी बसली पाहिजे. सैल असली तर सगळा जोर बाजूने निसटतो, वाया जातो. जाड असली तर शिरतच नाही. समजलं?”

“आता मात्र पक्कं समजलं!”

साखरपुड्याला मांडव गच्च भरला. भटजी म्हणाले, “हं, घाला अंगठी.” बाळकूने शेवंतीच्या बोटात अंगठी घातली. अरे देवा, सैल! गरागरा फिरायला लागली. बाळकूला दरदरून घाम फुटला. सगळा जोर निसटणार! संसार वाया!

“राहू दे ना, मी दोरा गुंडाळीन,” शेवंती कुजबुजली.

पण हा ऐकतोय कुठला? अंगठी काढली आणि निघाला मांडवभर माप बघत. आत्याबाईंच्या बोटात शिरेना. भटजींच्या बोटात सैल. शेवटी त्याने मामांचा हात धरला, करंगळीत अंगठी सरकवली, आणि काय सांगू, अशी चपखल बसली की हलेना की डुलेना!

“काढ! काढ मेल्या!” मामा ओरडले. निघते कसली!

आई बायकांच्या गर्दीत मागे उभी. तिला काही दिसेना. तिने तिथूनच विचारलं, “बाळकू, बसली का रे अंगठी?”

“बसली गं आई, नेमकी बसली!” बाळकू टुणकन उडी मारून ओरडला. “सुनेला जरा मिशा आहेत, पण माप एक नंबर!”