रिकामी करवंटी

फार वर्षांमागे एका रानात, नदीतून वाहत आलेली एक करवंटी घरोघरी फिरायची. साळिंदर तीत कंद भरून द्यायचं, सशीण शेंगा द्यायची, खार उंचावरची जांभळं द्यायची. नियम एकच: आलेली करवंटी रिकामी परत द्यायची नाही. या नियमाचा सगळ्यांना भारी अभिमान होता.

पुढे खार म्हातारी झाली. तिचे पाय आखडले, झाडावर चढवेना. ती बुंध्यातल्या ढोलीत पडून राहू लागली. शेजारची सशीण शेंगा घेऊन आली की ती आतूनच म्हणायची, "थांब गं, करवंटी भरून देते." आणि सावरीचा मऊ कापूस घालून द्यायची.

"एवढा कापूस कुठून आणतेस?" सशिणीने एकदा विचारलं.

"आहे माझ्याकडे. तुझ्या पिल्लांना अंथर."

म्हातारीचे हातपाय अजून चालतात, असं सशीण रानभर सांगत सुटली.

पौषातल्या एका कडाक्याच्या सकाळी सशीण करवंटी न्यायला आली. तिने हाका मारल्या, पण खारीने ओ दिली नाही. तेव्हा तिने पहिल्यांदाच ढोलीत डोकावून पाहिलं. आत अंथरूण उरलंच नव्हतं. उघड्या लाकडावर खार गारठून मरून पडली होती. उशाशी करवंटी होती, आणि तीत कापसाचा शेवटचा पुंजका नीट दाबून भरलेला होता.

सशिणीला घरी उबेत झोपलेली आपली पिल्लं आठवली.

"रिकामी दिली असतीस तरी चाललं असतं गं," ती म्हणाली.

हे त्या रानात आजवर कुणी कुणाला म्हटलं नव्हतं.