तुटलेला सूर आणि वळलेली विडी

एकदा एक वृद्ध सनईवादक भर दुपारी, न कळवता, आपल्या शिष्याच्या घरी गेले. गुरूने शिष्याचा उंबरा चढावा अशी रीत नव्हे. पण केरबा नावाचा हा शिष्य चार दिवस शिकायला फिरकला नव्हता.

केरबा तिशीचा, अंगाने काटक, कानाने तयार. स्वस्थता मात्र त्याला ठाऊक नव्हती. बसला की गुडघा हलायचा, बोलताना नजर दाराकडे जायची. गुरूंनी त्याला दोन वर्षे केवळ सूर धरायला बसवले होते. मुख्य वादक राग वाजवतो, तेव्हा शेजारचा साथीदार दुसऱ्या सनईवर एकच स्वर अखंड धरून ठेवतो. काम दिसायला सोपे, पण त्यात माणसाची सगळी परीक्षा असते. चार दिवसांपूर्वी, देवीच्या उत्सवात, भरल्या सभामंडपात केरबाचा सूर तुटला. मन आधीच बाहेर पळाले होते. त्यात खोकल्याची उबळ आली. गुरूंनी आपली सनई हळूच खाली ठेवली. त्यांनी रागावून काही म्हटले असते, तर केरबाला बरे वाटले असते.

गुरू आत आले तेव्हा केरबा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होता. विकतची विडी जळकी लागते, आणि स्वतः वळायची म्हटली की कमी ओढली जाते, असे तो बायकोला सांगे. सुपात पंचवीसेक विड्या तयार होत्या आणि संध्याकाळपर्यंत त्यातली एकही उरणार नव्हती.

त्याने गडबडीने सुपावर पंचा टाकला.

"लपवू नकोस," गुरू म्हणाले.

"बुवा, मला मोकळं करा," केरबा एका दमात बोलून गेला. "मी तुम्हाला मान खाली घालायला लावली. माझ्यात धीरच नाही. जन्मतःच नाही. दुसरा कुणी बघा."

गुरूंनी पंचा उचलला, समोर मांडी घातली आणि म्हणाले, "मला विडी वळायला शिकव."

"तुम्हाला? तुम्ही तर कधी सुपारीसुद्धा खाल्ली नाहीत."

"शिकव म्हणतो ना."

केरबाला काही उमगेना. ही शिक्षा आहे की थट्टा, तेही कळेना. पण गुरूंची आज्ञा. त्याने टेंभुर्णीचे भिजवलेले पान त्यांच्या हाती दिले.

गुरूंनी कात्री चालवली. पान शिरेशी फाटले.

"शीर बघून कापा," केरबा म्हणाला. "पानाच्या कलानं जायचं."

दुसऱ्या पानात गुरूंनी चिमूटभर तंबाखू जास्त घातली. वळताना ती दोन्ही तोंडांनी सांडली.

"हात सैल सोडा, बुवा. जोर लावला की बिघडतं. दोन्ही अंगठे एका चालीनं फिरले पाहिजेत. आणि घाई कसली आहे तुम्हाला?"

तिसरी विडी दोरा बांधताना उकलली. गुरूंनी ती सुपात टाकली आणि गुडघ्यावर हात देऊन उठू लागले. "राहू दे. मला नाही जमायचं."

"असं कसं?" केरबाचा आवाज चढला. "एकदा उसवलं म्हणून कुणी उठतं होय? बसा. पुन्हा घ्या. हात बसेपर्यंत घेतच राहायचं असतं..."

तो बोलता बोलता थांबला. हेच शब्द, याच क्रमाने, त्याने दोन वर्षे रोज सकाळी गुरूंच्या तोंडून ऐकले होते. त्याचा चेहरा उतरला.

गुरू पुन्हा बसले. "मला वाटत होतं, या माणसाला धीर कुठून आणून द्यावा. आज डोळ्यांनी पाहिलं. अर्धा तास तुझा गुडघा हलला नाही. नजर हातावरून ढळली नाही. धीर तुझ्यापाशी रग्गड आहे, केरबा. ज्या कामापाशी तू मनानं बसलास, त्याला तो मिळाला."

केरबाने खाली पाहतच विचारले, "मग... ही विडी सोडू?"

"धूर छाती खातो, हे सांगायला गुरू कशाला लागतो? तुझा खोकला सांगतोच आहे. सोड. जड जाईल, तरी सोड. पण 'माझ्यात धीर नाही' हे पुन्हा माझ्यापुढे बोलू नकोस. ते खोटं आहे."

एवढे बोलून ते निघून गेले.

केरबा घरात येरझाऱ्या घालू लागला. हात सुपाकडे जाई, मागे येई. शेवटी त्याने खुंटीवरची सनई काढली, तिच्या तोंडाची पत्ती, जिभाळी, ओठांत ओली केली आणि भिंतीला टेकून बसला. सूर लागला आणि तुटला. पुन्हा लागला, पुन्हा तुटला. विडी सुटायला त्याला सबंध हिवाळा लागला. मध्ये दोनदा तो घसरलाही. त्या दिवसांत तो बायकोवर खेकसला, ताटावरून उठून गेला. पण सकाळची बैठक त्याने एकदाही चुकवली नाही, आणि आपल्यात काय नाही हे लोकांना सांगत फिरणे त्याने कायमचे बंद केले.

आपण स्वतःला अधीर म्हणवतो, तेव्हा कोणत्या कामापाशी आपण तासन्‌तास निमूट बसतो, तेवढे आठवून पाहावे.